येऊ दे, येऊ दे

कोल्हापूरच्या माणसाला जगात कुणाच्या आधाराची गरज लागत नाही, असं धैर्यशीलचं ठाम मत होतं. आरटीओत परदेशात गाडी चालवायच्या परवान्याच्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या बाबालाल आणि नजीरा या नवरा-बायकोचं बोलणं कानावर पडेपर्यंत ते टिकलं.

"न्यूझीलंडात गाडीतच चूल, पलंग, संडास. बर्फाच्या डोंगरात लावायची आन् झोपायचं."

"तुम्ही जावा की. मी न्हाय येणार."

"का गं?"

"चिटपाखरू न्हाय तिथं. बोलू कुणासंगं? तुम्ही तर जेवून घोरताय."

"मग गाडी मागं घेताना कोण बघणार?"

"क्यामेरा असतोय म्हणं."

"क्यामेरा 'येऊ दे' म्हणतोय व्हय? तीस वर्सं दारात ट्रक लावला, तुझ्या 'येऊ दे'बिगर कधी लावला का?"

"आन् डोंगरात वरडू व्हय मी?"

"मोठ्यांदा वरड. कोण झोपलंय तिथं?"

"...बरं. लोणचं घ्यायचं मग."

भारावलेला धैर्यशील त्यांना निरोप द्यायला दारापर्यंत गेला. नजीरा बाहेर लावलेल्या त्यांच्या गाडीच्या मागं उभी राहिली.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे!"

बाबालालनं आरशात न बघता गाडी मागं घेतली आणि एक स्कूटर आडवी झाली.

स्कूटर धैर्यशीलची होती.