फरशीवरचा वैष्णवीचा डाग

...आन् वर मलाच म्हणती, 'वहिनी, ॲसिड टाका की, डाग एका मिनटात निघंल!' ही आमची शेजारीण, वर्षाराणी. अगं बाई, तुझ्या फरशीचं काय झालं ॲसिडनं? पांढरी फट्ट, खरबरीत, पाय ठेवू वाटंना! शहाबादी फरशी म्हंजे चुन्याचा दगड, आंबट लागलं की खल्लास. लिंबू न्हाई, चिंच न्हाई, ताक सांडलं तरी मी ताटावरून उठते! साधं पाणी, जरासा साबण, मऊ फडकं, लगेच कोरडं पुसायचं, आन् आठवड्याला नारळाच्या शेंडीनं घासायचं. तीस वर्षं झाली, तीस! फरशी बघा, मग बोला!

तुम्हाला सांगते, भूकंपानंतर लातुरात घर बांधायला काढलं तवा आमचे हे, शेषेराव, दगडाचं नाव काढलं की कापायचे. का न्हाई कापणार? गावाकडं दगडामातीच्या भिंतींनी भरली घरं गिळली होती... 'तारामती, घरात दगड नको म्हंजे नको!' मी म्हणलं, आवो, डोक्यावर नको, कबूल. पायाखालचा दगड आणखी खाली कुठं पडणार हाय? निळसर फरशी आली, एकेक लादी मी हातानं ठोकून, आवाज ऐकून घेतली!

मग आलं हे क्लासचं पीक. घरटी एक होस्टेल! आम्ही बी वरच्या दोन खोल्या पोरींना दिल्या. देगलूरची वैष्णवी आली, डॉक्टर व्हायला. पोरगी लई गुणाची, पण डोक्याला तेल किती ते! उन्हाळा, लातूरचं ऊन, ही आमच्या बैठकीत फरशीवर उताणी पडून पुस्तक वाचायची. 'काकू, गार लागतंय हो, डोकं शांत राहतंय!' राहू दे बाई... दोन वर्षं राहू दिलं. आन् एक दिवस बघते तर काय? लादीवर डोक्याएवढा काळा गोल! दगडानं तेल पिलं हो!

मी काय हार मानते? खडूची भुकटी पाण्यात कालवली, डागावर थापली, वरून प्लास्टिक, दोन दिवस कुणाला फिरकू दिलं न्हाई. निम्मं तेल वर ओढलं! आणखी एक थर दिला की डाग गायब होणार होता. तेवढ्यात निकाल लागला. वैष्णवीचा मेडिकलला नंबर! तिची आई बसम्मा पेढे घेऊन आली, 'अक्का, तुमच्या घरचा गुण!' डोळे भरून आले हो माझे. पेढा खाल्ला, पण तुपाचा हात खाली टेकू दिला न्हाई. फरशी बघा, मग बोला!

आन् तिथंच घात झाला! नव्या पोरी आल्या. आईबाप पाणी विचारंनात, डबा विचारंनात... 'ती वैष्णवीची फरशी कुठली हो?' लोह्याची मृण्मयी जेवली की त्या डागावर डोकं ठेवून आडवी, तिचा तास संपला की दुसरी. भिंतीला वेळापत्रक चिकटवलंय! मी दुसरा थर घेऊन बसले, तर चौघी आडव्या. 'काकू, पाया पडतो, परीक्षा होईस्तोवर नका काढू!' आमचे हे बी फितूर, 'असू दे गं, लेकरांचं भलं होतंय.' घ्या! ज्यांना घरात दगड नको होता ते!

जीव तुटतो हो माझा. सारी बैठक लखलखीत, वाकलं तर तोंड दिसतं, आन् मधोमध ते तेलकट ग्रहण! पाहुणे आले की मी त्याच्यावर उभी राहून बोलते. पण त्या लेकरांची तोंडं बघितली... एकीकडं माझी तीस वर्षांची फरशी, एकीकडं लेकराचं वर्ष. काय करावं माणसानं? ठेवली खडूची वाटी फळीवर.

परवा तर कहरच! मृण्मयी हातात बाटली घेऊन आली, हळूच म्हणती, 'काकू, डाग लई फिका पडलाय हो... जरासं तेल टाकून ताजा करू का?'

बाटली बघितली. खोबरेल! म्हणलं, 'थांब गं बाई, सगळं नासवशील. वैष्णवी बदामाचं लावत होती. आण, मीच टाकते.'