अवघड जागेचं दुखणं, पण हद्द कोणाची?

...आणि वर मलाच विचारतात, ‘तुमची तक्रार नेमकी कुठली?’ अहो, कुठली म्हणजे? जिथली आहे तिथली! तुम्हाला सांगतो, बस चालवण्यात जन्म गेला माझा, सीटवर बसून बसून मूळव्याध झाली, गुपचूप सरकारी दवाखान्यात तपासून आलो, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून बायकोलाही बोललो नाही... आणि रिपोर्टचा मेसेज गेला कुणाला? माझ्या व्याह्यांना! मुलीच्या सासऱ्यांना!

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, हे ऐकलं होतं. पण जावयाचा बाप? त्याच्यावर अजून म्हणसुद्धा झालेली नाही हो!

झालं काय, मागे त्याच दवाखान्यात व्याह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा सोबतीला मी होतो. तेवढ्यावरून खिडकीतल्या बाईंनी आम्हा दोघांना एकाच फोन नंबरात बांधलं! म्हटलं, ‘बाई, असं कसं?’ तर म्हणतात, ‘व्याही ना तुम्ही? मग एकच कुटुंब झालं की!’ वर कॉम्प्युटरात डोकावून, ‘घाबरू नका, त्यांनी अजून उघडलेला नाही.’ ‘मग काढून टाका ना!’ ‘छे! ते आमच्याकडे येत नाही. मेसेज म्हणजे टेलिफोन खातं.’

आता ह्याच व्याह्यांपुढे मी आजवर काय फुशारकी मारलीय? ‘गोळी गोल असते की चपटी, मला ठाऊक नाही!’ ते कधी मेसेज उघडतील नेम नाही, आणि एकदा उघडला की लेकीच्या घरी कुठल्या तोंडाने जायचं मी? धावलो!

टेलिफोनवाले साहेब म्हणाले, ‘बसा.’ म्हटलं, उभाच बरा. ‘अहो बसा! मेसेज पोचला ना? मग आमचं काम चोख! आत काय लिहिलंय ते आमच्याकडे येत नाही. आजार आहे, आरोग्य खात्यात जा.’ आरोग्य खातं म्हणतं, ‘आजार आमचा, कबूल. पण गुप्तता? ती आमच्याकडे येत नाही, माहिती रक्षण कार्यालयात जा.’ ते म्हणतात, ‘दवाखाना खासगी असता तर सोलून काढला असता! सरकारी आमच्याकडे येत नाही.’ आणि प्रत्येक टेबलावर, ‘मोठ्याने बोला, कसली माहिती फुटली?’ मागे ही रांग! ओरडून सांगतोय मी! एक आजोबा तर रांग सोडून मला मलमाचं नाव सांगायला आले...

शेवटी मी इतका थयथयाट केला, की तिन्ही खात्यांनी मिळून बैठक घेतली. माझ्या मूळव्याधीवर बैठक! आणि माहिती रक्षणवाले हसतमुखाने म्हणाले, ‘अभिनंदन, हे आमच्याकडे येतं!’ डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. ‘फक्त मेसेज ज्यांच्या फोनवर गेला, तक्रार त्यांनीच करायची. व्याह्यांची सही आणा.’

काय करता? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! गेलो. व्याही म्हणाले, ‘मेसेज? मी कुठला उघडतोय, बारीक अक्षर दिसत नाही मला. सूनबाई, वाच गं जरा मोठ्याने!’ सूनबाई म्हणजे कोण? माझीच लेक! वाचलं तिने. माझी मान गेली खाली.

व्याही मात्र खवळले! ‘आमच्या व्याह्यांची अब्रू चव्हाट्यावर आणतात म्हणजे काय? सही काय मागता, सगळ्या घराला उभं करतो!’ सज्जन माणूस. तिथल्या तिथे फोन तोंडाशी धरून दोन्ही घरांच्या ग्रुपवर बोलून टाकलं, ‘आमच्या व्याह्यांच्या मूळव्याधीची माहिती फुटली आहे, सर्वांनी तक्रारीला पाठिंबा द्यावा, बाब खासगी असल्याने कुणाला सांगू नये.’

दुसऱ्या मिनिटाला माझ्या साडूचा प्रश्न आला, ‘आतली की बाहेरची?’

सगळे वाट बघत होते हो... सांगितलं.