मागच्या दाराचा बाक

कंपाउंडर : वहिनी, त्यांना पुढे आणू नका म्हटलं ना! मागच्या दाराशी बाक आहे, तिथं आडवं करा.

बायको : केलंय, भाऊ. घामानं थबथबलेत. डावा हात बधिर झालाय म्हणतात. डॉक्टरांना एकदा नुसतं बघू द्या हो.

कंपाउंडर : आज? आज आमची तपासणी आहे. पेशंटची देखभाल नीट होते का, ते बघायला एक बाई आल्यात, डॉक्टरांसमोरच ठाण मांडून बसल्यात. परवा तुमच्या यांना पित्त म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं, आणि आज तेच छाती धरून दारात! डॉक्टर मला उभा चिरतील.

बायको : मग गाडी करून मोठ्या हॉस्पिटलात नेते.

कंपाउंडर : न्या की. तासाची वाट आहे. मध्येच काही झालं तर माझ्या नावानं बोटं मोडू नका. त्यापेक्षा असं करा, या खुर्चीवर बसा. खरे आजारी सगळे मी सकाळीच पिटाळलेत, पण अगदीच शुकशुकाट दिसला तरी पंचाईत. दोन गोड शब्द बोला. बाई खूश होऊन गेल्या की तुमचे हे थेट आत.

बायको : आणि खरं सांगितलं तर?

कंपाउंडर : तर संध्याकाळपर्यंत खोदत बसतील. डोळे पुसा आधी. हसा. रडकं नको, नीट हसा!

(आतलं दार उघडतं.)

तपासनीस : नमस्कार. दोनच प्रश्न विचारते हं. इथं फार वेळ ताटकळावं लागतं का?

बायको : नाही, नाही. लगेच घेतात.

तपासनीस : अरे वा! आणि डॉक्टर नीट ऐकून घेतात?

बायको : देवमाणूस आहे. झालं ना बाई तुमचं?

तपासनीस : थांबा हो, इतकं छान बोलताय! बाकी ठिकाणी लोक तक्रारींचा पाढा वाचतात. घरात कुणाला औषध दिलं होतं इथं?

बायको : यांनाच. परवा.

तपासनीस : गुण आला?

कंपाउंडर : आला म्हणजे काय! घोड्यासारखे हिंडतायत.

तपासनीस : तुम्ही नाही, त्यांना बोलू दे.

बायको : आला. आला गुण. बाई, तुम्ही निघा ना आता. ऊन चढेल.

तपासनीस : माझीच काळजी! निघते. खरं सांगू? एक गोष्ट मला फार आवडली. लोकांना इथं घरच्यासारखं वाटतं. आत्ता इकडे येण्याआधी मागच्या दारातून डोकावले, तर एक गृहस्थ बाकावर छातीवर हात ठेवून खुशाल झोपलेले. हाक मारली, खांदा हलवला, तरी हूं नाही की चूं नाही.

कंपाउंडर : ते होय! ते रोजचेच. गारव्याला येऊन पडतात.

तपासनीस : असू दे. गाढ झोपलेल्या माणसाला उठवू नये.

बायको : बाई, त्यांची झोप फार सावध आहे हो. शेजारच्या घरात भांडं पडलं तरी उठून बसतात.