न तडकणारं कोटिंग

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या स्किन क्लिनिकमध्ये पाठीमागे मराठी सुरू झालं, तसे शरयूकाकूंनी आपण मराठी असल्याचं न दाखवता कान टवकारले.

"लॅबमध्ये ग्लोव्हज होते ना, इशिता?"

"होते की. तरी बोटं फुटलीच."

"यार, आपलं कोटिंग यूव्ही दिव्याखाली कडक व्हायचं आणि वाकवलं की तडकायचं. म्हणून लवचीकपणासाठी मी त्यातलं मोनोमर हे पातळ रसायन दुप्पट केलं."

"ते ग्लोव्हजमधून आरपार जातं, प्रथमेश! सांगितलं का नाहीस?"

"तू बॅच थांबवली असतीस."

"डॉक्टर म्हणाल्या, ही ॲलर्जी आता जन्मभराची. लॅब सुटली. पीएचडी गेली."

"कोटिंग तडकत नाही पण आता."

"युनिव्हर्सिटीचा हा फॉर्म तूच भर. मला पेन धरवत नाही."

"अपघाताचं कारण काय लिहू?"

"तुझं नाव."