वर येणारे मासे

मासे माणूस ओळखतात का, सांगा बरं? आई मेढ्याहून आमच्या विश्रामबागच्या फ्लॅटवर राहायला आली, तेव्हा मी माशांच्या टँकमधल्या झाडांसाठी घरीच गॅस करत होतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट घालायचं, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड नळीने टँकमध्ये सोडायचा. झाडं काय फोफावली!

रोज पहाटे आई टँकपाशी बसली की सगळे मासे वर येऊन तोंड उघडायचे.

"वळखत्यात रं मला," ती खुशीत म्हणायची. फ्लॅटमध्ये तिला बोलायला दुसरं होतं कोण?

पण दुपारी मी गेलो तर एकही वर येईना. मला काही कळेना. शेवटी माधवनगरच्या मित्राला फोन केला, त्याच्याकडेही टँक आहे.

"अरे गड्या, अंधारात झाडं तो गॅस घेत नाहीत. रात्रभर तो पाण्यात साठतो, मासे गुदमरतात आणि पहाटे श्वासासाठी वर येतात. झोपताना नळी काढत जा."

काढली. सकाळी मासे खाली मजेत फिरत होते.

"रुसलं का काय रं?" आई गोंधळली.

सांगावं की नको, ठरेना. शेवटी सांगितलं. तशी ती काचेवर हात ठेवून माशांना म्हणाली, "जीव घाबरत हुता व्हय रं तुमचा? आन मी आपली गप्पा मारत बसलेली. ऱ्हावा बाबांनो खालीच. मीच वाकून बोलीन."