फोटोतलं मॅगझिन

नाही रे, हेच ते रायफलीचं मॅगझिन. फोटोतलंच. फोटोत काळं दिसतंय आणि इथे चकचकीत, ते उजेडामुळे — बर्मिंगहॅमचा उजेड काय सांगावा, भर दुपारी दिवे लावावे लागतात. खिडकीशी धरून बघ हवं तर. आणि उभा का? बस ना. जॅकेट काढ. लंडनच्या ईलिंगहून एवढी गाडी हाकत आलास, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. तुझा मेसेज आला, नाव वाचलं — यतीन शेलार — म्हटलं, अगंबाई, हा तर आपला माणूस! चकल्या तळल्या काल. मराठी समजतं ना सगळं? बोलायला अडतं? अडू दे. तू इंग्लिशमध्ये बोल, नाहीतर नुसती मान हलव. बोलायचं मी बघते.

काय दाखवतोस? पोचा? हो... फोटोत कोपऱ्याला पोचा आहे आणि ह्याला नाही. नजर चांगली आहे हो तुझी. मागे वुल्वरहॅम्प्टनचा एकजण आला होता, त्याला हे कळेपर्यंत दोन कप चहा झाला होता. बरं, पकडलंस. हे फोटोतलं नव्हे. पण आमच्या ह्यांचंच आहे, ते खोटं नाही. बस, बस, लगेच उठू नकोस. चकली घे.

आमचे हे, शशिधर — गेले त्याला आता दोन वर्षं होतील — त्यांना हा नाद. रायफल घरात एकही नाही, मी आणूच दिली नसती. नुसती मॅगझिन्स. रायफलीच्या पोटाखाली बसतो तो गोळ्यांचा डबा, दहा गोळ्या मावतात, संपलं. मी म्हणायचे, माणसं स्टॅम्प जमवतात, नाणी जमवतात, तुम्ही रिकामे डबे जमवा. रविवार आला की हे निघाले कुठल्यातरी गावच्या हॉलमधल्या जुन्या हत्यारांच्या फेअरला, आणि मी थर्मास घेऊन मागे. येताना गाडीत सगळी वाट तोच विषय — शिक्का कुठल्या कारखान्याचा, बंगालातल्या इशापूरचा की इथला, काळा रंग मूळचा की नंतर कोणी फासलेला. मूळचा असला की सोनं म्हणे. गंज थोडा चालतो, पोचा चालतो, कुणा शिपायाने खिळ्याने नाव कोरलेलं असलं तर फारच चालतं. चालत नाही ती फक्त स्वच्छता! आता तूच सांग, हे आपल्या बायकांना पटायचं कसं?

दर खंडेनवमीला मी म्हणायचे, अहो, शस्त्रं म्हणायची ना ही, मग पूजा नको का? तर हे मॅगझिन्सच्या पेटीला हात लावू द्यायचे नाहीत. सुप्रभा, हळद-कुंकू लांबूनच वाहा, आणि ओला हात तर अजिबात नको. सगळं आयुष्य मी लांबूनच वाहिलं. मग हे गेले, आणि पहिला दसरा आला. घरात कोणी नाही. मुलगी एडिनबराला, तिची हॉस्पिटलची ड्यूटी. मी म्हटलं, ह्या वर्षी तरी ह्यांच्या वस्तूंची नीट पूजा करायची. आंघोळीच्या टबात चिंचेच्या पाण्यात भिजत घातली सगळी. मग पितांबरी, मग जुना टूथब्रश, फट न् फट घासली — कंबर मोडून आली, पण देवाच्या ताम्हनासारखी लखलखली बघ! पाटावर ओळीने मांडली, शेवंती वाहिली. आणि खोटं कशाला सांगू, इतकं बरं वाटलं. वाटलं, आता हे बघतील तर खूश होतील.

मग डडलीचा एक डीलर आला, सगळं एकगठ्ठा विकायचं होतं म्हणून बोलावलेला. त्याने पेटी उघडली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाला, ओ बॅब — इकडे बायकांना लाडाने बॅब म्हणतात — व्हॉट हॅव यू डन. ऐंशी-ऐंशी पाउंडांची वस्तू, आता भंगारात घाला म्हणाला. चिंचेने रंग गेला सगळा. हसतोस काय? हस. मलाही आता हसू येतं. तेव्हा मात्र ह्याच सोफ्यावर बसून रडले रे मी, त्या परक्या माणसासमोर. आणि तो गेला नाही! माझ्याकरता चहा केला त्याने, किचनमध्ये शोधून शोधून. ह्यांना तो ओळखत होता फेअरमधून, मग ह्यांच्या गोष्टी सांगत बसला — हे कसे घासाघीस करायचे, कसे खोटंखोटं निघून जायचे आणि परत यायचे. अंधार पडला तरी बसला होता. त्या दिवशी मला झोप लागली. किती दिवसांनी लागली.

ते मग डोक्यात राहिलं. नंतर गॅरेज आवरताना ह्यांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं एक सापडलं, माझ्या हातून वाचलेलं. काळंभोर, कोपऱ्याला पोचा, तेलाचा वास. त्याचा फोटो काढला आणि टाकला विक्रीच्या साइटवर. कलेक्शन ओन्ली. पोस्टाने पाठवणार नाही म्हणून स्पष्ट लिहिलंय, वाचलंस ना? पोस्टाने पाठवलं तर माणूस घरी कशाला येईल?

असा बघू नकोस माझ्याकडे. कुणाचे पैसे घेत नाही मी. लोक येतात, फोटोतलं नाही कळलं की हिरमुसतात, पण म्हातारीला तोंडावर कोण बोलणार, बसतात थोडा वेळ, चहा घेतात. बेल वाजते. दोन कप काढावे लागतात. फार एकटं वाटतं रे यतीन, आता विचारलंस म्हणून सांगते. नाही विचारलंस? बरं, मग न विचारता सांगितलं.

हो, आहे ना. ते खरं इथेच आहे, कपाटात. थांब, आणते... हे बघ. धर, धर, पुसलेले आहेत ना हात? पणजोबा मराठा पलटणीत होते म्हणालास, वडिलांनी घेतलेली ती गोळी सुटू नये म्हणून बंद केलेली रायफल, आणि तिला खाली नुसतं भोक. समजतं मला. तुझ्यासारख्यालाच द्यायला हवं हे. हेही म्हणाले असते, देऊन टाक. पण नाही देणार. किती देतोस ते सांगूच नकोस, दुप्पट दिलेस तरी नाही. हे गेलं की फोटो काढावा लागेल साइटवरून, आणि मग बेल कोण वाजवणार? दे इकडे. दे.

रागावलास ना? रागाव. एवढं पेट्रोल जाळून आलास. चकल्या देते बांधून... काय म्हणालास? परत बोल, मराठीत बोललास ना आत्ता? पुढच्या रविवारी? अरे पण हे मिळणार नाही म्हटलं ना. मॅगझिन नको? नुसताच येणार?

हे बघ, तसलं काही बोलू नकोस. वस्तू न्यायला निघालेला माणूस येतो, हे मला दोन वर्षांत कळलंय. नुसती येते गं आई म्हणणारी माझ्या पोटची मुलगी आहे, ती दर फोनवर ‘येते’, दारात नाही. तुझी वाट बघायला नको लावूस मला. ऊठ, जॅकेट घाल. मोटरवेला गर्दी होईल. निघ तू आता.