त्यांच्या पश्चात

सुंदराबाई : अशी नाही लिहित तू बातमी. सुरुवातीले गावाचं नाव टाकतोस ना?

स्वप्निल : माय, जित्या माणसाची निधनवार्ता नसते लिहित.

सुंदराबाई : साऱ्या दर्यापूर तालुक्यातल्या मेलेल्याईच्या बातम्या पेपरले धाडतोस, अन् मायची एक लिहाले जिवावर येते? लिह्य. सुंदराबाई तायडे यांचं दुःखद निधन.

स्वप्निल : लिहिलं. पुढं?

सुंदराबाई : जन्मभर लोकाच्या वावरात कापूस वेचला. म्हातारपणी लिहावाचाले शिकल्या. पोरानं शिकवलं.

स्वप्निल : कवा शिकवलं म्या?

सुंदराबाई : शिकवशीन ना. पोरासंग नागपूरले दीक्षाभूमीवर जाऊन आल्या. नातीले मांडीवर खेळवलं.

स्वप्निल : माह्यं लगन तरी झालं काय? सारं खोटंच सांगून राहिली तू.

सुंदराबाई : मंग खरं करा लागन. वाच आता.

स्वप्निल : "...नातीला मांडीवर खेळवलं. त्यांच्या निधनाने गावात हळहळ व्यक्त होत आहे." झालं.

सुंदराबाई : नाही झालं. मले वाचता येत नाही, पण रोज सकाळी तूच पेपर वाचून दाखवतोस. शेवटी "त्यांच्या पश्चात" येते. ते काहून नाही लिहिलं?

स्वप्निल : राहिलं.

सुंदराबाई : राहिलं नाही. आपल्याले हातभर वावर नाही, स्वप्निल. मंग तुह्या खाटीखाली फवारणीचं औषध कायले व्हतं?

(स्वप्निल कागद खाली ठेवतो.)

सुंदराबाई : उकिरड्यात पुरलं म्या ते. बोल आता.

स्वप्निल : श्रावण गेला तवा त्याच्या घरी गेल्तो, बातमीसाठी फोटो मांगाले. शाळेत एका बाकावर बसे तो माह्यासंग. त्याच्या मायनं मले आधी पाणी देल्लं, मंग फोटो. म्हणे, चांगला छापजो बापू. पेपरात जागा नव्हती, फोटो आलाच नाही. आता कोण्या गावात गेलो का लेकरं इचारतात, कोण मेलं? थकलो माय मी.

सुंदराबाई : थक ना. रड. ते बातम्यायचं काम सोड, माह्यासंग वेचाले ये. पण माही बातमी तुलेच लिहा लागते. तुही मले नाही लिहिता येत रे बापा. मले अक्षर येत नाही.

स्वप्निल : ...त्यांच्या पश्चात एक मुलगा.

सुंदराबाई : नाव टाक.

स्वप्निल : टाकलं. अन् तारीख?

सुंदराबाई : मोकळी सोड. मले घाई नाही. यात तुहं नाव कोठी हाय, दाखव.

स्वप्निल : हे पाह्य. हे "स्व".

सुंदराबाई : लय आडवंतिडवं हाय. एका दिवसात नाही यायचं मले. उद्या इथूनच सुरू करजो.